कुलपातली कुंभारीण

मावशीच्या घराला दोन दारं होती. पुढचं दार ती आतून कडी घालून बंद ठेवायची. त्याला बाहेरून लोखंडी जाळीही होती. मागच्या दारात जुनं, मोठ्या किल्लीचं कुलूप बसवलेलं होतं आणि त्याची किल्ली धाकट्याकडे असायची. "उद्या मला काही झालं तर भिंत फोडून येणार आहात का?" असं म्हणत मावशीनंच ती त्याच्या हातात कोंबली होती.

धाकटा म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा. वय पन्नाशीला टेकलेलं, टाळूवर चांगलंच मैदान झालेलं, पण थोरल्या बहिणीला ताई आणि याला धाकटा म्हणायची घरातली सवय काही सुटली नव्हती. दोघं लहान असतानाच आई गेली, तेव्हा मावशीनं त्यांना आपल्याकडे आणलं. ती एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "दोन पोरं आयती मिळाली. नवरा कशाला हवाय मध्ये लुडबुडायला?"

ताई लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. धाकटा इथंच राहिला. दातांच्या कवळ्या बनवायची त्याची छोटी कार्यशाळा होती. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून हा प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, घासून पुसून कवळी तयार करून द्यायचा. काम नाजूक आणि प्रत्येकाला घाई. बिनदाताचा माणूस थांबायला तयार नसतो, असं तो गमतीनं म्हणायचा आणि कुठं जायला उशीर झाला की हेच कारण पुढे करायचा.

सुरुवातीला तो दर रविवारी मावशीकडे जात असे. तिचे गुडघे दुखायचे, उठायला लागू नये म्हणून मागच्या दारानं स्वतःच कुलूप उघडून आत यायचा. मागच्या पायऱ्या उंच असल्यामुळे मावशी तिकडून कधी उतरत नसे. ते दार जणू त्याचंच होतं. मग एका रविवारी काम निघालं. एकदा पाऊस होता, एकदा नुसताच कंटाळा आला. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला, "गेला होतास ना?" आणि याच्या तोंडून सहज निघून गेलं, "हो, जाऊन आलो की. तिच्या घरातल्या बोळातला दिवा गेला होता, तो बदलून दिला."

दिवा गेलेला होता हे खरं होतं. मावशीनं फोनवर सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर त्याला धडकी भरली. ताई आता मावशीला विचारणार आणि आपण उघडे पडणार. पण तसं काही झालं नाही. पुढच्या वेळी ताई म्हणाली, "मावशी खूश आहे हं दिव्यावर. म्हणाली, आता बोळात लख्ख उजेड पडतो."

म्हणजे मावशीनं सांभाळून घेतलं होतं. धाकट्याला हायसं वाटलं. त्याला वाटलं, तिलाही आपल्या अडचणी कळतात. त्यानंतर तो खोटं बोलत राहिला आणि मावशी त्यावर शिक्कामोर्तब करत राहिली. दोघांमध्ये या विषयावर कधी एक शब्दही झाला नाही.

फोन मात्र तो करायचा. संध्याकाळी हातातलं काम चालूच ठेवायचा, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरायचा आणि मावशी बोलत राहायची. तिच्या बोलण्यात माणसं कमी आणि माश्याच जास्त असायच्या. अंगणातल्या गुलाबाची पानं कोणीतरी गोल गोल कापून नेतं, तर ती एक माशीच असते आणि त्या चकत्या गुंडाळून ती खिडकीच्या चौकटीतल्या भोकात पिल्लांसाठी खोल्या करते. "कात्री नाही, खडू नाही, पण माप चुकेल तर शपथ! आमच्या कारखान्यात अशी एक असती तर मुकादमानं डोक्यावर घेतली असती." ओसरीच्या खांबाला एक काळा भुंगा भोक पाडत होता, त्याचा भुसा रोज सकाळी खाली पडलेला असायचा. आणि नळाखालच्या ओल्या मातीवर कुंभारीण माश्या येत. चिखलाची एवढीशी गोळी तोंडात धरून नेतात, घर बांधतात, त्यात कोळी भरतात, अंडं घालतात आणि वरून लिंपून टाकतात. "एकटीच असते गं बाई," मावशी म्हणायची. बोलायच्या ओघात फोनवर भाचा आहे की भाची हेही ती विसरायची. "पोळं नाही, राणी नाही. जे करायचं ते एकटीनं."

"हो हो," धाकटा म्हणायचा आणि मेणातला दात जरा डावीकडे सरकवायचा.

ज्या दिवशी हे सगळं घडलं त्या दिवशी सकाळी तो नुकताच कामाला बसला होता. ताईचा फोन आला.

"मावशी फोन उचलत नाहीये. काल संध्याकाळपासून."

"झोपली असेल. नाहीतर फोन कुठंतरी ठेवून विसरली असेल."

"रविवारी गेलास तेव्हा बरी होती ना?"

"ठणठणीत होती," धाकटा म्हणाला.

उन्हाळा लागल्यापासून तो त्या घरी गेलेलाच नव्हता. त्यानं अंगावरचा एप्रन तसाच ठेवला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि निघाला.

पुढचं दार बंद होतं. जाळीतून हाका मारल्या, घंटी वाजवली. आतून काही नाही. तो घराला वळसा घालून मागे गेला, पायऱ्या चढला, किल्ली भोकात घातली. किल्ली टोकापाशीच अडली. त्याला वाटलं घाईत वाकडी गेली असेल. काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग खाली वाकून बघितलं तर भोकच नव्हतं. तिथं माती होती. दाराच्या रंगाशी मिळती, सुकून टणक झालेली, बोटानं फिरवून गुळगुळीत केल्यासारखी.

तेवढ्यात आतून आवाज आला. टक. मग थोड्या वेळानं पुन्हा टक. काहीतरी फरशीवर आपटत होतं.

"मावशी!"

टक, टक, टक.

एप्रनच्या खिशात मेण कोरायची सुरी होती. त्या सुरीनं धाकटा ते भोक खरवडायला लागला. माती भुरूभुरू खाली पडली, पण आत पुन्हा माती, मग कोळ्यांचे पाय, मग पुन्हा मातीचा पडदा. कवळ्या करणाऱ्याचे हात ते, पण त्या दिवशी सुरी दोनदा निसटली. किल्ली अर्धी शिरली आणि फिरेना. त्यानं दाराला खांदा दिला. जुनं, जाड लाकूड. ढिम्म हललं नाही.

आवाज ऐकून शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "काय झालं हो? आज पुढचं दार उघडलं नाही, तर मला वाटलं तुमच्याकडे आल्या असतील."

"आत पडलीये बहुतेक. किल्ली लागत नाहीये."

"अहो, पण किल्ली तर तुमच्याचकडे असते ना?"

तो कोपऱ्यावरच्या सुताराकडे धावला. सुतार एका पलंगाचा पाय बसवत होता. बिचारा तसाच हत्यारं घेऊन आला. त्यानं कुलपाच्या कडेनं पटाशी घातली, हातोड्याचे घाव घातले. प्रत्येक घाव धाकट्याला आपल्याच पाठीत बसल्यासारखा वाटत होता, कारण दोन घावांच्या मधल्या शांततेत आतलं ते टकटक ऐकू येत होतं, आणि ते हळू होत चाललं होतं.

अखेर कुलूप लाकडासकट निघालं. धाकटा आत घुसला, सवयीनं बोळातलं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवी पडली होती. एक पाय विचित्र वळलेला. हातात प्लास्टिकचा मग. ओठ सुकून पांढरे पडले होते. तिनं डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघितलं.

"आलास?" ती म्हणाली. "सांभाळून ये. ओलं आहे."

त्याला रडू कोसळलं. काकूंनी तिच्या तोंडात पाणी सोडलं, रुग्णवाहिका बोलावली. काल संध्याकाळी पाय घसरला, तेव्हापासून ती तिथंच होती.

तिला गाडीत घालताना सुतारानं ते निखळलेलं कुलूप पायरीवर ठेवलं होतं. भोकाची एक कड फुटली होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. लहान लहान खोल्या, मधे मातीच्या भिंती. एका खोलीत कोळी खच्चून भरलेले. दुसरीत पांढरट अळी वळवळत होती. आणि अगदी आतली खोली रिकामी होती. तिच्या भिंतीला स्वच्छ गोल भोक पडलेलं होतं. म्हणजे तिथं एक कुंभारीण जन्मली, मोठी झाली आणि उडूनही गेली होती, आणि मग कोणीतरी पुन्हा येऊन पुढच्या खोल्या बांधल्या होत्या. इतका सगळा काळ या भोकात कोणी किल्ली घातली नव्हती. समजायला आणखी काही लागत नव्हतं. काकूही त्याच्या खांद्यावरून बघत होत्या.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण रात्रभर पाण्याविना पडून राहिल्यामुळे मूत्रपिंडांवर ताण आलाय, छातीत कफ आहे, वय आहे; चार दिवस बघू. धाकटा मान हलवत राहिला. रोज जाणारा माणूस असता तर ती रात्रभर पडून राहिली नसती. रविवारी जाणाराही असता तरी निदान ती ज्यावरून घसरली ते न्हाणीघरातलं निसरडं झालेलं रबरी पायपुसणं त्यानं बघितलं असतं आणि फेकून दिलं असतं. डॉक्टर हे काही बोलले नव्हते. हे त्याचं तोच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ताई आली, बॅग हातात धरूनच थेट दवाखान्यात. मावशीच्या कपाळावरून हात फिरवून झाल्यावर तिनं विचारलं, "पण किल्ली होती ना तुझ्याकडे? दार का फोडावं लागलं?"

"कुलूप गंजलं होतं," धाकटा म्हणाला.

"दर आठवड्याला उघडत होतास आणि गंजलं?"

पलंगावरून मावशीचा क्षीण आवाज आला. "अगं, तो येतो तेव्हा मीच पुढचं दार उघडते. तेवढंच पायांना चालणं."

ताईला पटलं. संध्याकाळी ती बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसली आणि अचानक त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "मी तिकडे मजेत राहते. सगळं तुझ्यावर टाकलंय. तू आहेस म्हणून मला झोप लागते रे." तिनं जावेला फोन करूनही हेच सांगितलं, नवऱ्यालाही हेच. भाऊ असावा तर असा. धाकटा प्रत्येक वेळी जमिनीत जात होता. अंगावर कोणी दुसऱ्याचे कपडे चढवून वर कौतुक करावं तसं त्याला झालं होतं. रात्री जेवण गेलं नाही, सकाळी कामात लक्ष लागेना. एका बाईंच्या कवळीत त्यानं दात उलटे बसवले.

मावशीच्या छातीतला कफ कमी झाला, तिला बसवायला लागले, त्या दिवशी त्याच्यानं राहवेना. पाण्याच्या यंत्रापाशी ताई बाटली भरत होती. तिथंच उभ्या उभ्या त्यानं सांगून टाकलं. दिव्याचं सांगितलं, रविवारांचं सांगितलं, किल्लीच्या भोकातल्या घराचं सांगितलं. बाटली भरून पाणी ओसंडून तिच्या पायांवर सांडलं तरी ताईनं नळ बंद केला नाही.

"आणि मावशी?" ती शेवटी म्हणाली. "ती पण माझ्याशी खोटं बोलत होती?"

"माझ्यासाठी बोलत होती. तिला काही बोलू नकोस."

ताई ओरडली असती, चार लोकांत दोन थपडा मारल्या असत्या तर त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या. ती सरळ खोलीत गेली. तो बाहेर थांबला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, डोळे लाल, आणि म्हणाली, "तुला बोलावतेय."

मावशी उशीला टेकून बसली होती. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे रे. लहानपणी काही फोडलं-तोडलं तर ती हेच म्हणायची.

"काय गरज होती तुला सांगायची?" ती म्हणाली.

"मला सहन होईना गं खोटं."

"तुला होईना. मला होत होतं ना? तुझ्यासाठी बोलत होते असं वाटलं तुला?" तिला धाप लागली. थांबून, पाण्याचा घोट घेऊन ती पुन्हा बोलायला लागली. "सगळ्या आळीत मी सांगत होते, भाचा दर रविवारी येतो. काकूंना माहीत होतं येत नाहीस ते, तरी त्या मान हलवायच्या. माझी अब्रू होती ती. दोन पोरं वाढवली आणि म्हातारपणी एकटी पडली, असं कोणी म्हणायला नको म्हणून. ती तू आज चारचौघांत काढून टाकलीस. तू मोकळा झालास."

धाकट्याला तोंड वर करवेना. पलंगाच्या लोखंडी पायाकडे बघत तो म्हणाला, "त्या कुलपाचं मला सांगायचं तरी होतंस. मी येऊन साफ केलं असतं."

"सांगितलं होतं की."

"कधी?"

"फोनवर. म्हटलं, मागच्या दारातून उजेडाची तिरीप यायची ती बंद झाली. कुंभारीण शिरलीय भोकात, तुझी किल्ली लागायची नाही. तू म्हणालास, हो हो, छान." मावशीनं तोंड खिडकीकडे वळवलं. "मग मीही म्हटलं, राहू दे. त्या दाराला आहे कोण दुसरं."

त्याला आठवेना. हेच सगळ्यात वाईट होतं. किती आठवून बघितलं, पण ते वाक्य त्याच्या कानात कुठंच सापडेना. त्या वेळी हातात कोणाचा तरी जबडा असणार.

त्यानंतर जे झालं ते त्याच्या हातात राहिलंच नाही. ताईनं ठरवलं, मावशीला आपल्याकडे न्यायचं. मावशी म्हणाली, मी माझ्या घरी जाणार, एक बाई ठेवा, काकू आहेत, मी करीन हळूहळू. ताई ऐकेना.

"मी रोज जाईन," धाकटा म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ जाईन. तिला तिच्या घरी राहू दे."

"तुझ्या शब्दावर?" ताईनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

"मग माझ्याकडे नेतो."

"चौथ्या मजल्यावर? लिफ्ट नसलेल्या?"

खोटं चालू राहिलं असतं तर मावशी कदाचित घरी राहिली असती. आणि पुन्हा एखाद्या संध्याकाळी पडली असती. धाकट्यानं हे दोन्ही बाजूंनी कितीदा तरी मांडून बघितलं. कुठूनही मांडलं तरी शेवटी तो स्वतःच उभा असायचा.

मावशीला गाडीत बसवून नेलं तेव्हा तिनं घराकडे बघायचं टाळलं. त्याच्याकडेही. "उशी जरा खाली घे, टोचतेय," एवढंच म्हणाली.

पहिल्यांदा तो ताईकडे गेला तेव्हा मावशी त्याच्याशी जेमतेम बोलली. प्रवास कसा झाला, किती वेळ लागला, असं परक्यासारखं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा ती कठडा धरून चालायला लागली होती, तो शेजारून चालला तर म्हणाली, "धरू नकोस, येतं मला." ताई चहा देऊन आत जायची. तिच्यात आणि त्याच्यात बोलणं सुरू झालं होतं, पण ते खर्चाचं, औषधाचं, कामापुरतं. तो जात राहिला. कामं अडायची, दवाखान्यांचे फोन यायचे, तो सांगायचा, परवा देतो. परतीच्या गाडीत दर वेळी त्याला वाटायचं, एवढं जमत होतं तर दोन गल्ल्या ओलांडून जाणं का जमलं नाही.

अशाच एका भेटीत दुपारी ताई बाजारात गेली होती. मावशी पलंगाच्या कडेला बसली होती, तो खुर्चीत. मग मावशीनं पायातला मोजा ओढायचा प्रयत्न केला. वाकता येत नव्हतं.

"काय हवंय?"

"नखं वाढलीत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बोटात रुततात. चालताना दुखतं. ताईला पाय पुढे करायला मला कसंतरीच होतं. तिच्या घरात राहते, तिच्या हातचं खाते, वर हे कुठं सांगू?"

धाकट्यानं कपाटातून नेलकटर शोधलं. भांड्यात कोमट पाणी आणलं, खाली जमिनीवर मांडी घातली आणि तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. टाच भेगाळलेली होती. नखं जाड आणि पिवळी, अंगठ्याचं तर आत वळलेलं. शिवणयंत्राचं पायडल दाबून दाबून तो अंगठा वाकडा झाला होता, हे त्यानं आज पहिल्यांदाच बघितलं. त्यानं पाय पाण्यात बुडवून ठेवला, नखं मऊ होऊ दिली, मग एकेक करून कापायला लागला. कडेनं सावकाश, कामाची सवय असलेल्या हातांनी.

"दुखतंय का?"

"नाही."

अंगठ्याचं नख त्यानं सगळ्यात शेवटी घेतलं. आत वळलेला कोपरा हळूच उचलून सोडवला, तेव्हा मावशीनं श्वास रोखून धरला आणि मग सोडला. त्यानं टॉवेलनं पाय कोरडा केला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं मान वर केली.

"मावशी..."

"हा पण घे," ती म्हणाली आणि तिनं दुसरा पाय पुढे केला.